मे महिन्याच्या उन्हासाठी स्प्लिट एसीचा कर्व्ह एनर्जीप्लसमध्ये कसा द्यावा?

प्रश्न (वरूड तालुका, जि. अमरावती)

नमस्कार. आमच्या गावातील ग्रामपंचायतीच्या अभ्यासिकेचे मॉडेल मी एनर्जीप्लसमध्ये (इमारतीच्या ऊर्जावापराचा हिशेब करणाऱ्या संगणक प्रणालीत) तयार करीत आहे. स्पर्धा परीक्षांची मुले-मुली ऐन उन्हाळ्यातही तेथे दिवसभर बसतात, त्यामुळे वीजबिलाचा अंदाज खरा निघणे गरजेचे आहे. यंत्र दीड टनाचे, स्थिर गतीच्या कंप्रेसरचे आहे. कंपनीच्या तक्त्यात आतील वेट बल्ब (ओल्या कापडाने गुंडाळलेल्या तापमापकाचे तापमान; हवा जितकी कोरडी तितके ते कमी) १७ ते २३ अंश आणि बाहेरील तापमान २५ ते ४३ अंश सेल्सिअस यांसाठी क्षमता व वीजवापर दिलेला आहे. या तक्त्यावरून कर्व्ह (तापमानानुसार क्षमता व वीजवापर कसे बदलतात हे सांगणारी समीकरणे) कसे काढावेत, आणि ४३ अंशांच्या पुढे काय करावे? आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो.

उत्तर (नागपूर)

कर्व्हमध्ये किलोवॅट जात नाहीत, त्या स्थितीतील किंमत भागिले प्रमाणित स्थितीतील किंमत हे गुणोत्तर जाते. आणि प्रमाणित स्थितीत, म्हणजे आतील वेट बल्ब १९.४४ व बाहेर ३५ अंश असताना, ते गुणोत्तर १ आले पाहिजे. आपल्याकडील कॅटलॉग बहुधा आतील वेट बल्ब १९ अंश धरतात. त्यामुळे क्षमतेचे समीकरण (दोन्ही तापमानांची वर्गपदे असलेले, सहा सहगुणकांचे) तक्त्यावर बसवून झाल्यावर १९.४४ आणि ३५ या बिंदूवर त्याची किंमत काढावी, सहाही सहगुणकांना तिने भागावे आणि प्रमाणित क्षमतेला तिनेच गुणावे. म्हणजे कर्व्ह आणि क्षमता एकमेकांशी जुळून राहतात.

खरी गफलत दुसऱ्या कर्व्हमध्ये होते. तो विजेचा नसून वीज भागिले क्षमता या प्रमाणाचा असतो. समजा प्रमाणित स्थितीत क्षमता ५.२ किलोवॅट व वीज १.४५ किलोवॅट आहे, आणि ४३ अंशांना क्षमता ४.७ व वीज १.७२ आहे. येथे क्षमतेचे गुणोत्तर ०.९० येते आणि दुसऱ्या कर्व्हचे १.३१. या १.३१ च्या जागी केवळ विजेचे गुणोत्तर १.१९ लिहिले, तर एनर्जीप्लस त्याला घटलेल्या क्षमतेने पुन्हा गुणते आणि ४३ अंशांना वीज १.७२ ऐवजी सुमारे १.५५ किलोवॅट दाखवते. ऊन जितके अधिक तितकी ही तूट वाढत जाते, आणि कोठेही चूक दाखवली जात नाही.

समीकरण स्प्रेडशीटमधील लिनेस्ट (LINEST) या फंक्शनने बसवता येते. मात्र ते सहगुणक उलट्या क्रमाने देते, हे विसरू नये. तसेच कॅटलॉगमधील क्षमतेतून आतील पंख्याची उष्णता बहुधा आधीच वजा केलेली असते. ती क्षमतेत मिळवावी आणि पंख्याची वीज एकूण विजेतून वगळावी. पंखा मॉडेलमध्ये स्वतंत्र असतो.

उत्तर (चंद्रपूर)

वरील विवेचनात मला मर्यादांची भर घालायची आहे, कारण विदर्भातील इमारतींचे निष्कर्ष तेथेच बिघडतात. बाहेरील तापमानाची कमाल मर्यादा ४३ ठेवली, तर ४६ अंशांच्या दुपारीही यंत्र ४३ अंशांतच चालते असे एनर्जीप्लस धरते. मे महिन्याचा वीजवापर त्यामुळे कमी दिसतो.

दुसरे टोक कोरड्या हवेचे आहे. बाहेर ४५ अंश आणि आर्द्रता १२ टक्के असेल, तर तीच हवा आत २७ अंशांपर्यंत थंड झाल्यावर तिचा वेट बल्ब १६ अंशांच्या आसपास येतो, म्हणजे आपल्या तक्त्याच्या खाली. मुलांच्या श्वासाने व घामाने तो थोडा चढेल, तरी कॉइल (आतील युनिटमधील थंड नळ्यांची जाळी) बराच वेळ कोरडीच राहील, म्हणजे तिच्यावर हवेतील पाणी जमणार नाही. अशा वेळी कॉइल कोरडी पडण्याचा वेट बल्ब शोधून क्षमता काढण्याची सोय एनर्जीप्लसमध्ये आहे. पण शोधलेला बिंदू कर्व्हच्या किमान मर्यादेखाली गेला, तर किंमत मर्यादेवरचीच मिळते.

प्रश्नकर्ता

मग कमाल मर्यादेच्या रकान्यात थेट ४८ लिहिले तर चालेल का?

उत्तर (चंद्रपूर)

तपासल्याशिवाय लिहू नये. वर्गपदांमुळे कर्व्ह तक्त्याबाहेर अनपेक्षितपणे वळू शकतो. आधी कंपनीकडे ४६ आणि ४८ अंशांचे आकडे मागावेत; उष्ण प्रदेशांसाठी विकल्या जाणाऱ्या यंत्रांचे असे आकडे पुष्कळदा असतात, फक्त छापील पत्रकात येत नाहीत. ते न मिळाल्यास ४० ते ४८ अंशांच्या किमती कागदावर काढून पाहाव्यात. क्षमता सतत घटत असेल आणि दुसरे गुणोत्तर सतत वाढत असेल, तरच ४८ ठेवावे. अन्यथा टेबल लुकअप (समीकरणाऐवजी तक्त्यातील आकडेच देण्याची सोय) वापरून पुढील भाग सरळ रेषेत वाढवणे मला अधिक सुरक्षित वाटते.

बाहेरचे युनिट टिनाच्या छपरावर असेल, तर त्याला मिळणारी हवा हवामान फाइलमधील तापमानापेक्षा अधिक तापलेली असते. मर्यादा ठरवताना हवामान फाइलमधील कमाल आकड्याच्या वर काही अंश जागा सोडावी.