थिनर ब्लेंडला एच ३१५ लावायचं की नाही? रिपोर्ट एक सांगतो, हिशोब दुसरं

एसडीएसवाली

नमस्कार मंडळी. एका क्लीनिंग थिनरची एसडीएस (सेफ्टी डेटा शीट, म्हणजे रसायनाचे धोके आणि काळजी सांगणारं पत्रक) नव्याने लिहितेय आणि सेक्शन २ मध्ये, म्हणजे धोक्यांच्या भागात, स्किन इरिटेशनपाशी गाडी अडलीय. ब्लेंड असं आहे, ॲसिटोन ५० टक्के, ब्युटाइल ॲसिटेट ३९, टोल्युइन ६, झायलीन ३ आणि एन-ब्युटेनॉल २. यातल्या इरिटंट घटकांपैकी एकही १० टक्क्यांच्या वर नाही, म्हणून आमच्याकडे बहुतेकांचं म्हणणं की एच ३१५, म्हणजे ‘कातडीला इरिटेशन होतं’ हा लेबलवरचा इशारा, लागत नाही.

शिवाय ह्याच ब्लेंडचा सशांवरचा एक जुना रिपोर्ट सापडलाय, ओईसीडी ४०४ ह्या स्किन इरिटेशनच्या प्रमाणित टेस्टप्रमाणे केलेला. लालसरपणाचे स्कोअर २४, ४८ आणि ७२ तासांना पहिल्या सशाचे ३, २, २, दुसऱ्याचे ३, ३, २ आणि तिसऱ्याचे २, १, १. सगळ्यांची मिळून सरासरी २.११ काढलीय, कॅटेगरी २ ची, म्हणजे ‘इरिटंट’ ठरायची, रेषा २.३ ला आहे, म्हणून शेवटी लिहिलंय ‘नॉट क्लासिफाइड’. पण ड्रम भरणाऱ्या मुलांचे हात बघितले की मला हे अजिबात पटत नाही, कातडी पांढरी पडलेली, कोरडी, पेरांवर भेगा. मग हे इरिटेशन नाही तर काय आहे? आणि रिपोर्ट आहे म्हटल्यावर टक्केवारीचा हिशोब करायचाच नाही का?

टॉक्स_डेस्क

रिपोर्टमधले आकडे ठीक आहेत, निष्कर्ष चुकीचा काढलाय. जीएचएसमध्ये (रसायनांचे धोके वर्गवार ठरवायची जागतिक पद्धत) तिन्ही प्राण्यांची एकत्र सरासरी काढतच नाहीत. प्रत्येक सशाची २४, ४८, ७२ तासांची सरासरी वेगळी काढायची आणि मग बघायचं की तिघांतल्या निदान दोघांची २.३ किंवा त्याहून जास्त येतेय का. तुमच्या आकड्यांत पहिला ७ भागिले ३ म्हणजे २.३३, दुसरा ८ भागिले ३ म्हणजे २.६७, तिसरा १.३३. दोन जण रेषेच्या वर आहेत, म्हणजे हाच रिपोर्ट कॅटेगरी २ सांगतोय! एकत्र सरासरीत तिसऱ्या सशाची सौम्य प्रतिक्रिया बाकी दोघांना झाकून टाकते, नियम तसा ठेवलाय तो ह्याचसाठी.

लालसरपणा आणि सूज यांचे स्कोअर वेगवेगळे बघायचे, त्यांची बेरीज करायची नाही, कुठल्याही एकाने रेषा ओलांडली तरी पुरे. आणि १४ व्या दिवसाच्या नोंदी नक्की वाचा, तिथे दोन सशांत खपल्या निघणं, केस गळणं, कातडी जाड होणं असं काही टिकून राहिलेलं असेल तर स्कोअर कमी असले तरी कॅटेगरी २ च लागते. हे शेवटचं पान बरेच जण उघडतच नाहीत.

मिश्रण_हिशोब

हिशोबाचं सांगतो. नियम ‘एकही घटक १० च्या वर नाही’ असा नाहीच आहे, बेरजेचा आहे. टोल्युइन, झायलीन, ब्युटेनॉल तिन्ही स्किन इरिटंट कॅटेगरी २, तिन्ही १ टक्क्याच्या वर म्हणून तिन्ही मोजायचे, ६ अधिक ३ अधिक २ बरोबर ११. दहा किंवा त्याहून जास्त झालं की मिश्रण कॅटेगरी २, एच ३१५, उद्गारचिन्हाचं चित्र, सिग्नल वर्ड ‘वॉर्निंग’. ॲसिटोन आणि ब्युटाइल ॲसिटेट यात धरायचे नाहीत, ते कॅटेगरी २ नाहीत. करोसिव्ह, म्हणजे कातडी जाळून कायमची इजा करणारा, घटक असता तर त्याची टक्केवारी १० ने गुणून ह्याच बेरजेत आली असती.

क्रमाचं म्हणाल तर मिश्रणाचा स्वतःचा चांगला टेस्ट डेटा आधी, मग मिळत्याजुळत्या टेस्ट केलेल्या मिश्रणावरून ब्रिजिंग, आणि ते दोन्ही नसेल तेव्हा बेरीज. तुमच्या बाबतीत दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचतात त्यामुळे भांडायला जागाच उरत नाही.

एसडीएसवाली

बाप रे, मनापासून आभार, हे आजच मीटिंगमध्ये मांडते. पण आता एक नवीन सूचना आलीय की टोल्युइन ६ वरून ४ करू, तेवढं ब्युटाइल ॲसिटेट वाढवू, बेरीज ९ होईल आणि एच ३१५ जाईल. आणि त्या भेगांचं कोणी बोललं नाही, त्या लेबलवर कुठेच येत नाहीत का?

टॉक्स_डेस्क

भेगांची गोष्ट वेगळी आहे आणि ती नीट समजून घ्यायला हवी. ४०४ ची टेस्ट म्हणजे ०.५ मिली द्रव, ४ तास पॅच, एकदाच. त्यातून एका संपर्कात कातडीला सूज-लाली येते का एवढंच कळतं. ॲसिटोनसारखं सॉल्व्हंट एका वेळेला फारसं काही करत नाही, पण रोज रोज लागलं की कातडीच्या सगळ्यात वरच्या थरातली चरबी धुऊन नेतं, थराची पाणी धरून ठेवायची ताकद जाते, मग कोरडेपणा, मग भेगा, आणि भेगा पडलेल्या कातडीतून बाकीचं सगळं जास्त आत शिरतं. ह्या प्रकारासाठी युरोपच्या सीएलपीत (रसायनांच्या वर्गीकरण आणि लेबलिंगचा तिथला कायदा) वेगळं वाक्य आहे, ईयूएच ०६६, वारंवार संपर्काने कातडी कोरडी पडू शकते किंवा भेगा पडू शकतात अशा अर्थाचं. ॲसिटोन आणि ब्युटाइल ॲसिटेट दोघांना ते आहे आणि तुमच्या ब्लेंडचा ८९ टक्के भाग तेच दोघं आहेत. जीएचएसच्या मूळ यादीत हे वाक्य नाही, पण तुम्ही एसडीएसच्या सेक्शन ११ मध्ये, म्हणजे शरीरावरच्या परिणामांच्या भागात, स्पष्ट लिहू शकता, आणि लिहाच, कारण मुलांच्या हातांवर जे दिसतंय ते हेच आहे.

आता टोल्युइन ४ करायचं. कागदावर ९ टक्क्यांना युरोपात एच ३१५ लागणार नाही. ज्या देशांनी जीएचएसची कॅटेगरी ३ घेतलीय तिथे १ ते १० च्या मधली बेरीज म्हणजे माइल्ड इरिटंट, एच ३१६ लागेल. जुना रिपोर्ट नव्या ब्लेंडला आपोआप लागू होणार नाही हे खरं, कारण सीएलपीत जुनं वर्गीकरण तसंच ठेवायचं तर २.५ ते १० टक्क्यांमधल्या घटकाला प्लस-मायनस २० टक्केच बदलाची मुभा आहे आणि ६ वरून ४ म्हणजे एक तृतीयांश कपात. पण जवळपास तसंच ब्लेंड सशांवर कॅटेगरी २ निघालंय हे माहीत असताना निव्वळ बेरीज ९ आली म्हणून इशारा काढून टाकणं मला तरी मान्य नाही, मी असते तर एच ३१५ ठेवलं असतं. हातांना एका टक्क्याचा फरक कळत नाही.

आणि खरं सांगायचं तर टोल्युइन कमी करायचंच असेल तर ३ च्या खाली न्या. ३ टक्के आणि वर असेल तर एच ३६१डी लागतं, गर्भातल्या बाळाला अपाय होण्याचा संशय. मीटिंगमध्ये त्यावर बोला, ते एच ३१५ पेक्षा कितीतरी मोठं आहे.

सेल_कल्चर

नव्या ब्लेंडवर टेस्ट करायची वेळ आली तर सशांवर परत जाऊ नका प्लीज. ओईसीडी ४३९ आहे, माणसाच्या पेशींपासून बनवलेल्या एपिडर्मिसवर, म्हणजे कातडीच्या वरच्या थरावर. एमटीटी (जिवंत पेशींत रंग बदलणारं रसायन) टाकून किती पेशी जगल्या ते मोजतात, ५० टक्के किंवा कमी जगल्या तर इरिटंट, जास्त जगल्या तर नाही. फक्त माइल्ड म्हणजे कॅटेगरी ३ ह्यातून ओळखता येत नाही, आणि ५० च्या खाली आलं तर करोसिव्ह नाही हे ओईसीडी ४३१ ह्या दुसऱ्या टेस्टने वेगळं दाखवावं लागतं. एमटीटीला स्वतःच रंग आणणारा घटक असेल तर लॅबला आधी सांगा, कंट्रोल लावावे लागतात.

शॉपफ्लोअर_सेफ्टी

ताई, लेबल होईल तेव्हा होईल, त्या मुलांच्या हातात आत्ता कुठले ग्लोव्ह्ज आहेत ते बघा. पातळ डिस्पोजेबल नायट्राइल असतील तर ॲसिटोन काही मिनिटांत आरपार जातं आणि मग ग्लोव्हच्या आत सॉल्व्हंट कोंडून राहतं, ते उघड्या हातापेक्षा वाईट. ब्युटाइल रबर ॲसिटोनला उत्तम पण टोल्युइन-झायलीनला कमजोर, त्यामुळे असल्या मिक्स ब्लेंडला मल्टिलेयर लॅमिनेट आत आणि पकड यावी म्हणून त्याच्यावर दुसरा ग्लोव्ह हीच जोडी चालते. हात थिनरनेच धुवायची सवय असेल तर ती आधी बंद करा. आणि एसडीएसच्या सेक्शन ८ मध्ये, म्हणजे संरक्षणाच्या साधनांच्या भागात, नुसतं ‘योग्य ग्लोव्ह्ज वापरा’ लिहू नका, मटेरियल, जाडी आणि ब्रेकथ्रू टाइम (सॉल्व्हंट आरपार यायला लागणारा वेळ) तिन्ही लिहा.