मदत हवी आहे: व्हॅल्युएशन वाढवून मागतायत

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीत बँकांसाठी घरांचं मूल्यांकन करते. इथल्या नाचणे भागातल्या एका फ्लॅटचा करार ४६ लाखांचा झालाय. आसपासचे नोंदणी झालेले व्यवहार पाहिले, खाऱ्या हवेने गंजून स्लॅबचं उघडं पडलेलं लोखंड पाहिलं. माझा आकडा ३९ लाखांच्या वर जात नाही.

३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा घराच्या किमतीच्या ८० टक्के. म्हणजे ३६.८० ऐवजी ३१.२० लाखच मिळणार. म्हणून एजंटाचे रोज फोन, आणि शाखेतूनही, "मॅडम, करारापर्यंत न्या की, बँकेच्या पॅनेलवर मूल्यांकन करणारे दुसरे आहेतच."

घेणारं जोडपं तरुण आहे. उद्या हप्ते थकले, घर विकायची वेळ आली, तर फुगवलेला आकडा त्यांच्याच गळ्यात पडेल. त्याखाली माझी सही मला नको.

असा दबाव लेखी कसा नोंदवायचा? शाखा सोडून थेट वरच्या कार्यालयाला कुणी कळवलंय का? नंतर कामं बंद झाली का? अहवालात करार आणि माझी किंमत यातल्या फरकाची कारणं किती सविस्तर लिहिता? शुक्रवारी अहवाल द्यायचाय, अनुभव असेल त्यांनी कृपया सांगा.