घरचं हॅम (हौशी रेडिओ) स्टेशन: आधी काय घ्यावं? (गच्ची सोसायटीची आहे)

तारवाली_नाशिक

नमस्कार मंडळी. हौशी रेडिओचा रिस्ट्रिक्टेड ग्रेडचा, म्हणजे सुरुवातीचा, परवाना नुकताच हातात आला. व्हीयू३ ने सुरू होणारी कॉलसाइन (हवेवरची ओळख) मिळाली, घरात पेढे वाटून झाले. आता प्रश्न स्टेशनचा.

मी शाळेत विज्ञान शिकवते. राहायला चौथ्या मजल्यावर, वर गच्ची. पैसे एकदम काढता येणार नाहीत, टप्प्याटप्प्यानेच घ्यावं लागेल. दुकानदार म्हणतो, १०० वॅटचा नवा सेट घेऊन टाका, बाकीचं होईल. एक ओळखीचे म्हणतात, आधी हातातला छोटा सेट घ्या. मला मात्र ७ मेगाहर्ट्झच्या शॉर्टवेव्ह पट्ट्यावर बोलायचंय. वर्गातल्या मुलांना बेंगळुरूचा, हैदराबादचा आवाज मधे कुठलीही कंपनी नसताना थेट ऐकवायचाय. क्रम काय ठेवू? शिवाय चेअरमनसाहेब विचारतायत, "टॉवर उभारणार का?"

सातारा_शॉर्टवेव्ह

ताई, मनापासून अभिनंदन. मी १९८२ पासून या छंदात आहे. पोरं मोठी झाली, नोकरी संपली, पण सकाळचा चहा अजून ७ मेगाहर्ट्झवरच होतो.

पहिले पैसे तारेवर, म्हणजे अँटेनावर, घाला. सेट त्यानंतर. दुकानदार हे सांगणार नाही, कारण तारेत त्याला सुटतं काय?

आमच्या वेळी परदेशी सेट मिळणं फार अवघड. लष्कराच्या भंगारातले रिसीव्हर, लॅमिंग्टन रोडचे सुटे भाग, पुण्यात तपकीर गल्ली अशी जुळवाजुळव करून स्टेशनं उभी राहायची. पुढे हैदराबादच्या अशर फरहान यांनी बिटएक्स या घरी बांधता येणाऱ्या सेटचं डिझाइन सगळ्यांसाठी खुलं केलं. त्यात कॉइल गुंडाळायला चक्क नळाचे वायसर वापरलेत! चार-सहा वॅटचा तो सेट, पण चांगल्या तारेवर लांबलांबची माणसं भेटतात. उलट बाल्कनीत कोंबलेल्या तारेवर १०० वॅट म्हणजे नुसती घरभर गडबड.

तार म्हणजे साधा डायपोल, मधे केबल जोडलेल्या दोन सारख्या तारा. १४३ ला मेगाहर्ट्झने भागा, लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ ला साधारण २० मीटर, म्हणजे दोन्हीकडे १०-१०. घरगुती वायरिंगची दीड स्क्वेअरची वायर चालते. थोडी लांबच कापा, मग एस.डब्ल्यू.आर. (तारेकडून किती पॉवर परत येते त्याचं माप) बघत दोन्ही टोकं सारखी छाटत या. मधल्या जोडाशी कोॲक्सचे (सेटपासून तारेपर्यंतच्या केबलचे) सात-आठ वेढे फेराइटच्या जाड रिंगमधून घ्या, नाहीतर केबलच अँटेना बनते आणि शेजाऱ्यांच्या स्पीकरमधून तुम्ही बोलायला लागता. ७ मेगाहर्ट्झला २० मीटर आरजी-५८ (बारीक कोॲक्स) निभावते. पण तीच केबल १४५ मेगाहर्ट्झला लावली, तर निम्म्याहून जास्त पॉवर वाटेतच संपते.

दुसरं काम फुकटातलं आहे, ते आजच करा. कुणाकडून तरी मिडीयम वेव्हचा सेलवर चालणारा जुना ट्रान्झिस्टर मागून आणा. स्टेशन नसलेल्या जागी काटा ठेवा आणि घरभर फिरा. एलईडी ट्यूबजवळ, मोबाइलच्या चार्जरजवळ, टीव्हीच्या डब्याच्या अडॅप्टरजवळ धरा. कुठेतरी चर्रर्र आवाज एकदम चढेल. मग एकेक एमसीबी पाडून बघा, चोर सापडतो. आमच्याकडे स्वयंपाकघरातल्या एका एलईडी पट्टीने ७ मेगाहर्ट्झवर असा गोंगाट मांडला होता की कमजोर स्टेशन ऐकूच येईना. ती पट्टी बदलली आणि त्याच संध्याकाळी आसामचं स्टेशन स्वच्छ कानावर आलं. ऐकूच आलं नाही, तर उत्तर कुणाला देणार?

सेट जुना, चालू, १०० वॅटचा मिळाला तरी घ्या. रिस्ट्रिक्टेडला एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झ) मर्यादा ५० वॅटची, तेवढ्यावर खाली आणून ठेवा. १३.८ व्होल्टचा सप्लाय मात्र ३० अँपिअरचाच घ्या, कारण पुढे मिनिटाला ८ शब्दांच्या मोर्सची परीक्षा देऊन जनरल (वरची) ग्रेड घ्याल तेव्हा बदलावा लागणार नाही. सोबत एक बॅटरी ठेवा. हा माझा आग्रह समजा. १९९३ ला किल्लारीत आणि २००४ च्या त्सुनामीत अंदमानात नेहमीचे मार्ग तुटले, तेव्हा हौशी रेडिओवाल्यांनी निरोप पोचवले. पोर्ट ब्लेअरला भारती प्रसाद यांचा गट तर आधीच हौशी रेडिओच्याच मोहिमेवर गेलेला होता. वीज गेली की बंद पडणारं स्टेशन अशा वेळी काय कामाचं?

ठाणे_डिजिटल

काकांशी सहमत. एक भर घालतो. आवाजात जमत नसेल तेव्हा एफटी८ ही संगणकावरून छोटे निरोप पाठवायची पद्धत वापरा. लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर फुकट आहे, १५-१५ सेकंदांचे निरोप जातात आणि गोंगाटाखाली बुडालेलं स्टेशनही वाचता येतं. ठाण्यातल्या गजबजाटात माझं बरंचसं काम यावरच चालतं. पण मुलांना ऐकवायचं तर आवाजच हवा, हे खरं.

गच्चीवरचा_सेक्रेटरी

मी हॅम पण आहे आणि सोसायटीचा सेक्रेटरी पण. चेअरमनना तोंडी सांगत बसू नका. परवान्याची झेरॉक्स जोडून लेखी अर्ज द्या आणि सोबत हाताने काढलेला गच्चीचा नकाशा. "टॉवर नाही, फक्त पाइप आणि तार, गच्चीला भोक पाडणार नाही, पत्र्याला, टाकीला हात लावणार नाही" एवढं स्पष्ट लिहा. मीटिंगच्या दिवशी तारेचा तुकडा खिशात न्या. लोकांची भीती मोबाइल टॉवरची असते. ती तार बघितली की निम्मे प्रश्न मिटतात.

तारवाली_नाशिक

सगळ्यांचे आभार. ट्रान्झिस्टर शेजारच्या आजींकडून आणला. वायफायच्या अडॅप्टरपाशी भयंकर ओरडला! अर्ज पण लिहिलाय. पण गच्ची मोजली, कर्ण साडेसोळा मीटरच भरतो. २० मीटर तार बसणार कशी?

सातारा_शॉर्टवेव्ह

बसते. मध्यभागी ६ मीटरचा पाइप उभा करा, दोऱ्यांनी ताण देऊन. दोन्ही कोपऱ्यांत अडीच-अडीच मीटरचे पाइप. मधून कोपऱ्यापर्यंत तिरकी ९ मीटर तार जाते, उरलेला मीटरभर कठड्याच्या दिशेने आडवा वळवा. वळवल्याने फारसं बिघडत नाही, फक्त छाटणी परत करावी लागते. टोकं कुणाच्या हाताला लागता कामा नयेत, बोलताना तिथे व्होल्टेज चढलेलं असतं. गच्चीवर वाळवण घालायला बायका येतात, त्यांनाही हे सांगून ठेवा.

आणि वळवाचे ढग जमू लागले की कोॲक्स सेटपासून काढा आणि खिडकीबाहेरच अर्थिंगला लावा. पाऊस सुरू व्हायची वाट बघायची नाही. अडॅप्टर बदलला की कळवा, रविवारी सकाळी ७ मेगाहर्ट्झवर तुमची हाक ऐकायला बसतो. ७३ (हॅम मंडळींच्या भाषेत शुभेच्छा).