चर्चा: बेळगावच्या डिझाईन शिकणाऱ्या पोरांनी कागदावर आणखी किती को-वर्किंग ऑफिसं काढायची?

टिळकवाडी ड्रॉइंगबोर्ड:
माझं म्हणणं आधीच सांगते, म्हणजे भांडायला सोपं जाईल. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात इंटिरियर किंवा फर्निचर डिझाईन शिकणाऱ्यांना ‘कमर्शियल स्पेस’चा प्रोजेक्ट द्यायचा, तर जागा इथलीच हवी, मापं स्वतः घेतलेली हवीत आणि निदान एक वस्तू पूर्ण मापात, लाकडात नाहीतर लोखंडात, उभी केलेली हवी. शेवटच्या वर्षाला हे नसेल तर पास करू नये.

बाहेरची परीक्षक म्हणून ज्युरीला बसते तिथं तेच बघते. को-वर्किंग ऑफिस (अनेकांनी भाड्यानं मिळून वापरायचं), कॅफे-कम-बुकस्टोअर, स्टार्टअपचं ऑफिस. छताला उघडे डक्ट, भिंतीवर प्लास्टिकची हिरवळ, कोपऱ्यात बीन बॅग आणि रेंडरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेल्या थ्रीडी चित्रात, लॅपटॉप घेतलेली गोरी माणसं. जागा कुठली विचारलं तर ‘अझ्यूम्ड साईट’. अहो, गृहीत कशाला धरता? उद्यमबागेत फाउंड्र्या म्हणजे ओतकामाचे कारखाने आणि मशीन शॉप आहेत, खडेबाजारात गादीवर बसून कापड दाखवणारी दुकानं आहेत, वडगाव-शहापूरला मागाच्या शेड आहेत, निपाणीला तंबाखूच्या वखारी आहेत. यातलं काहीच माझ्यासमोर ड्रॉइंगच्या शीटवर आलेलं नाही.

एका मुलीचं मीटिंग टेबल १३५० मिमी रुंद होतं. प्लायचं शीट ८ बाय ४ फूट, म्हणजे १२२० च्या पुढं सांधा आलाच. सांधा कुठं घेणार विचारलं तर बघत राहिली. हुशार मुलगी, पण सॉफ्टवेअरनं तिला कधी अडवलंच नव्हतं.

थर्ड इयर, जागरण चालू:
मॅडम, राग मानू नका, पण हे सगळं नोकरी करून झालेल्या माणसाचं बोलणं आहे. आम्हाला इंटर्नशिप पुण्यात नाहीतर बेंगळुरूत शोधावी लागते. तिथल्या फर्म पोर्टफोलिओत ऑफिस बघतात, रेंडर बघतात, सॉफ्टवेअर कुठलं येतं ते विचारतात. तंबाखूची वखार दाखवली तर किती मिनिटं बघतील?

आणि जागा मिळते कुठं? फॅक्टरीच्या गेटवर वॉचमन कॉलेजचं पत्र मागतो, पत्र नेलं तर मालक गावाला गेलेले असतात. पूर्ण मापात वस्तू करायची म्हणता, तर प्लायच्या चांगल्या १८ मिमी शीटलाच अडीच-तीन हजार जातात, वर सनमायका, चॅनल, मजुरी. वर्कशॉपमध्ये एक टेबल सॉ आणि त्याच्यापुढं सगळा वर्ग.

सायटीवरचा मिस्त्री:
मॅडमचं खरं हाय. थ्रीडी बघून मालक खूष होतंय, आणि आम्ही डोक्याला हात लावून बसतोय. पाच फुटाची फळी, १८ मिमी जाडीची, मधे आधार नाही, पुढं पट्टी नाही, आणि वर फायली ठेवणार म्हणे. वाकणार की गा. तीन फुटाच्या आत आधार घ्या, नाहीतर पुढच्या काठाला दीड-दोन इंचाची उभी पट्टी मारा, एवढं तरी शिकवा की कुणीतरी.

दुसरं म्हणजे एमडीएफ, लाकडाच्या भुश्याचा दाबलेला बोर्ड. ड्रॉइंगमधे सगळीकडं एमडीएफ, कारण रंग छान बसतोय. हितं जूनला पाऊस लागला की सप्टेंबरपर्यंत भिंतीला ओल. दुकानाच्या दारात फरशी पुसत्यात, पाणी खालनं चढतंय आणि कपाटाचा तळ फुगून येतंय. खाली चार इंच पीव्हीसीची स्कर्टिंग द्या, तळाला बीडब्ल्यूआर, म्हणजे पाण्याला टिकणारा, प्लाय द्या, मग वर काय पाहिजे ते करा.

पण एक सांगतो. पोरं येत्यात, फोटो काढत्यात, ‘काका हे कसं करता’ विचारत्यात आणि अर्धा दिवस माझा जातोय. ते कोण भरून देणार? कॉलेज सरांना पगार देतंय, मला देत नाही.

पुण्यात गेलेला खानापूरकर:
मी मूळ पोस्टच्या पूर्ण विरोधात आहे, आणि मी इथंच शिकून बाहेर पडलोय.

जागा गृहीत धरणं म्हणजे पाप नाही. १२०० बाय ६०० मिमीचं वर्कस्टेशन, टेबलाची उंची ७५० च्या आसपास, व्हीलचेअर वळायला १५०० चा गोल, दोन रांगांमधली वाट, प्रकाश कुठून येतो, आवाज कुठं जातो, हे आधी हातात बसावं लागतं. रिकामी जागा त्याला बरी पडते. पहिल्या दिवसापासून मालकाच्या अडचणी गळ्यात बांधल्या की पोरगं मालकाला काय चालेल तेवढंच काढतं आणि धाडस संपतं.

दुसरा मुद्दा कुणी बोलत नाही. ‘लाईव्ह प्रोजेक्ट’ म्हणजे पुष्कळदा फुकटचं काम. मालकाला पंधरा-वीस प्लॅन मिळतात, तो त्यातला बरा निवडतो, मिस्त्रीला फोटो दाखवतो आणि करून घेतो. पोरांना सर्टिफिकेट. त्यात नुकसान तुमच्यासारख्या गावात प्रॅक्टिस करणाऱ्यांचंच होतं, मॅडम.

कापडवाला, तिसरी पिढी:
खडेबाजारचं नाव निघालं म्हणून लिहितो. पोरं आमच्या दुकानात आली होती, चांगल्या घरची, नीट वागली. पण सगळ्यांनी एकच सांगितलं, गादी हलवू नका, हा वारसा आहे. अहो, गादीवर मी बसतो, माझे गुडघे मला माहीत आहेत. गिऱ्हाईक बायका आता खाली बसायला तयार नाहीत, सासू आली की सून आधी खुर्ची मागते.

तरी काउंटर लावून चालत नाही, हेही खरं. साडी साडेपाच मीटरची. गादीवर एका हाताच्या झटक्यात पदर, अंग, काठ सगळं पसरतं. दोन फुटी काउंटरवर घडी उघडताना निम्मी साडी जमिनीवर जाते. आणि विक्री पसरण्यातच आहे.

मला पाहिजे होता मधला मार्ग. साधारण सव्वा-दीड फूट उंचीचा ओटा, पुढून मागं निदान पाच फूट, वर गादी. विकणारा मांडी घालून वर, गिऱ्हाईक स्टुलावर समोर, ओट्याखाली ड्रॉवर. मोठ्या शोरूममध्ये असं असतं, पण माझं दुकान अकरा फूट रुंद, त्यात हे बसवून माणूस जायला वाट ठेवायची. हा प्रश्न कुणीच सोडवला नाही. सगळ्यांनी भिंतीला मागाची चित्रं लावली.

टिळकवाडी ड्रॉइंगबोर्ड:
कापडवाले, हाच तर प्रोजेक्ट आहे! अकरा फूट रुंदी, ओटा, वाट आणि दुखरे गुडघे. यापेक्षा चांगला पेपर कुठलं विद्यापीठ काढणार?

खानापूरकर, टेबलाची उंची आणि वाटेची रुंदी दुसऱ्या वर्षापर्यंत शिकवा की, तिथं गृहीत जागा घ्या. मी शेवटच्या वर्षाबद्दल बोलतेय. आणि धाडस म्हणाल, तर अडचणीला उत्तर काढायला जास्त लागतं.

उद्यमबाग, सेकंड शिफ्ट:
वाचत होतो, राहवलं नाही. दोन्ही बाजू ‘कामाची जागा’ म्हणजे ऑफिस नाहीतर दुकान धरून बोलताय. आमच्याकडं ऑफिस म्हणजे पत्र्याची केबिन, एक टेबल, कॉम्प्युटर आणि वर देवाचा फोटो. तिथं डिझायनर नको, आतल्या शॉपला हवाय.

तपासणीचं टेबल घ्या. माणूस आठ तास उभा राहून कास्टिंग बघतो, गेज लावतो. टेबल कुणीतरी कधीतरी भंगारातल्या अँगलचं केलेलं, उंची ऑफिसच्या टेबलाएवढी. उंच माणूस दिवसभर वाकून असतो. उभ्या कामाला ९०० ते ९५० मिमी तरी पाहिजे, बारीक बघायचं असेल तर त्याहून वर. प्रकाशाचं तेच. साध्या ऑफिसला ३०० ते ५०० लक्स (प्रकाश मोजायचं माप) धरतात, बारीक तपासणीला त्याच्या दुप्पट तरी पाहिजे. आमच्याकडं ट्यूब छतावर, आणि माणसाची सावली त्याच्याच कामावर. वर काळी धूळ. कापड, फोम, फटी असलेलं लाकूड यातलं काही टिकत नाही. कडा गोल हव्यात, पुसता यायला हवं, आणि ४० किलोचा तुकडा आदळला तरी हललं नाही पाहिजे. हे काढून दाखवा, मग बीन बॅग बघू.

आणखी एक, जे मला कळत नाही. लाकूडकाम शिकायला ही पोरं यूट्यूब बघतात, आणि गावात पॅटर्न शॉप आहेत! ओतकामाचा लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा घेतात तो नमुना, करणारा माणूस बिडाच्या आकुंचनासाठी मीटरला साधारण १० मिमी जास्त धरून काम करतो, पॅटर्न साच्यातून सुटायला बाजूंना उतार देतो, कोपऱ्यांना गोलाई देतो, आणि त्याचा हात मिलिमीटरच्या खाली चालतो. सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, आलं तसं ते काम कमी होत चाललंय. एखाद्या कॉलेजनं अशा मिस्त्रीला आठवड्यातून एक दिवस, रीतसर पैसे देऊन, बोलवायला काय हरकत आहे?

मात्र मॅडम, तुमच्या यादीतलं सगळं पोरांच्या आवाक्यातलं नाही. फाउंड्रीत वितळलेल्या धातूजवळ मी विद्यार्थी उभे करणार नाही. मशीन शॉप, स्टोअर, तपासणी, कँटीन इथवर ठीक.

थर्ड इयर, जागरण चालू:
पॅटर्न शॉपचं खरंच माहीत नव्हतं. येऊन बघता येईल का?

उद्यमबाग, सेकंड शिफ्ट:
या. कॉलेजचं पत्र आणा, बंद बूट घालून या, आणि दुपारी तीनच्या आधी.

पुण्यात गेलेला खानापूरकर:
बघा, वॉचमन पुन्हा पत्रच मागणार. 😀

आता एक टोचणारं विचारतो. तुमच्या ‘इथल्याच’ प्रोजेक्टांत दुकानाचा दर्शनी भाग असतो ना? कर्नाटकात २०२४ पासून बोर्डाचा ६० टक्के भाग कन्नड लागतो. मराठी पोरांच्या एका तरी शीटवर तो बोर्ड त्या प्रमाणात काढलेला दाखवा. सगळ्यांचे बोर्ड इंग्रजी, तेही पातळ अक्षरात.

कापडवाला, तिसरी पिढी:
हा विषय इथं काढू नका, धागा बंद पडेल.

टिळकवाडी ड्रॉइंगबोर्ड:
काढला तर काढला. कायदा कुणाला आवडो न आवडो, दुकान ज्याचं आहे त्याला तो बोर्ड लावायचाच आहे. तीन लिप्या एका पट्टीत नीट बसवणं हे डिझाईनचंच काम, आणि पुण्यातल्या पोरांना ते कधी करावं लागत नाही.

शिकवते, निपाणीजवळ:
विद्यार्थ्यांची बाजू घेते, पण थोडी वेगळी. आमच्याकडं विडी वळणाऱ्या बायका घरातच, जमिनीवर बसून, मांडीवर सूप घेऊन काम करतात. मान खाली, पाठ वाकलेली, तासन्‌तास. हीसुद्धा ‘वर्कस्पेस’च. माझ्या एका विद्यार्थिनीनं पाठीला टेकू असलेलं सहा इंच उंचीचं बसकं आणि सूप थोडं वर धरणारा स्टँड केला. बायकांनी वापरून बघितलं, बसकं ठेवून घेतलं, स्टँड परत दिला. सूप मांडीवर असलं की हात जवळ पडतो आणि विड्या जास्त होतात, आणि मजुरी हजार विड्यांमागे मिळते. ज्युरीत तिला सगळ्यात कमी मार्क मिळाले, कारण रेंडर नव्हते. तेव्हा पास-नापासाचा दम पोरांना देण्याआधी परीक्षकांना विचारा, ते मार्क कशाला देतात.

आणि इंटिरियर डिझायनरला लायसन्स नाही. आर्किटेक्टला १९७२ चा कायदा आहे, आपल्याला काहीच नाही. म्हणजे ज्युरी हीच एक चाळणी.

टिळकवाडी ड्रॉइंगबोर्ड:
मी असते तर परत आलेल्या स्टँडला जास्त मार्क दिले असते. तो का परत आला हे तिला कळलं ना?

खानापूरकरांच्या फुकट कामाच्या मुद्द्यावर माझी अट ही. मालकाला मापं, मॉडेल, ड्रॉइंग बघायला मिळतील, ताब्यात मिळणार नाहीत. करून घ्यायचं असेल तर विद्यार्थ्याला फी, लेखी. मिस्त्री आणि पॅटर्नवाले शिकवतील त्या तासांचेही पैसे. एवढं झालं तरी नापासाची अट मी मागं घेणार नाही.

सायटीवरचा मिस्त्री:
लेखी नको, हातात द्या. कोण देणार ते आधी ठरवा, कॉलेज का मालक?

कापडवाला, तिसरी पिढी:
ओटा बसत असेल तर माझ्या दुकानापुरते मी देतो. पण दिवाळीच्या आत पाहिजे, नंतर मला वेळ नाही.