सांधे आखडतात, धरतात की ताठरतात?

परिचारिका_पुणे
नर्सिंगच्या मुलींसाठी हाडं-सांधे-स्नायूंच्या तपासणीचा मराठी तक्ता करतेय. खाटेशेजारी उभं राहून पेशंटला वाचून दाखवता येईल असा. मी लिहिलं होतं, 'सकाळी उठल्यावर सांधे आखडलेले असतात का? किती वेळ?' वरिष्ठांनी ते खोडून 'प्रातःकालीन संधिताठरता : आहे / नाही' असं केलं. म्हणाले, आखडतात ते स्नायू, सांधे नव्हेत. लहानपणापासून मी 'गुडघे आखडले' हेच ऐकलंय. आणि 'रेंज ऑफ मोशन'ला, म्हणजे सांधा किती हलतो त्याला, काय म्हणावं? त्यांनी सुचवलेला 'गतिकक्षा' मला उपग्रहाचा शब्द वाटतो.

सदाशिवपेठी
वरिष्ठांचं बरोबर आहे. कापड आखडतं, देताना हात आखडतो, पाठही आखडते. एवढे अर्थ वाहणारा शब्द तपासणीच्या कागदावर नको. बोलताना हवं ते बोला, लिहिताना प्रमाण संज्ञा लिहा. भाषा संचालनालयाने परिभाषा कोश काढले ते ह्याचसाठी.

फिजिओ_कोथरूड
काका, हा कागद पेशंटला वाचून दाखवायचा आहे. धायरीहून आलेल्या आजींना 'संधिताठरता आहे का' विचारलं तर त्या 'नाही' म्हणतील आणि आजार निसटेल. मला तर शब्दापेक्षा 'किती वेळ' खोडलं ते जास्त खटकलं. सांध्याची झीज असेल तर हालचाल सुरू केल्यावर बहुधा अर्ध्या तासाच्या आत सांधा मोकळा होतो. र्‍हुमटॉइड संधिवातात तासभर, कधी त्याहून जास्त लागतो. नुसत्या 'आहे / नाही'वरून हा फरक कसा कळणार? माझे पेशंट 'बोटं धरतात' म्हणतात. 'गरम पाण्यात घातली की सुटतात' हेही तेच सांगतात.

मावळकर
आमच्याकडे धरते ती मान, नाहीतर कंबर. बोटं धरतात हे मी कधी ऐकलं नाही. गुडघा जाम होतो. आणि कंबरेत अचानक भरते ती उसण, ती वेगळी.

वैद्य_नारायणपेठ
'आखडतात ते स्नायू' म्हणणाऱ्यांनी आधी स्नायू म्हणजे काय ते सांगावं. सुश्रुताने शरीरात ५०० पेशी आणि ९०० स्नायू सांगितले. त्याची पेशी म्हणजे आपला मांसल स्नायू, आणि त्याचा स्नायू म्हणजे हाडं बांधून ठेवणारे बंध. मराठीत पेशीचा अर्थ 'सेल' झाला आणि तिची जागा स्नायूने घेतली. बंगालीत तर स्नायू म्हणजे मज्जातंतू. तेव्हा जुन्या अर्थाने सांध्याभोवतीचा स्नायूच आखडतो, म्हणजे सांधाच!

सदाशिवपेठी
वैद्यराज, संज्ञा सैल सोडली की काय होतं ते तुम्हीच दाखवलंत. माझाच मुद्दा.

वैद्य_नारायणपेठ
कोणी सैल सोडली नाही, वापराने सरकली. कोश होते तरी सरकली.

परिचारिका_पुणे
'धरतात' घ्यायला मला एक अडचण आहे. तक्त्यात खाली स्नायूंची ताकद ० ते ५ अशी नोंदवायची असते. ३ म्हणजे पाय खाटेवरून आपणहून उचलता येतो, पण आपण जरा दाबलं की खाली जातो. ५ म्हणजे पूर्ण जोराने दाबलं तरी टिकतो. तिथे मुली सांगतात, 'पाय वर धरून ठेवा.' वर 'सांधा धरतो का' आणि खाली 'धरून ठेवा' असं आलं तर गोंधळ होईल.
दुसरं, हाताने दाबल्यावर दुखतं त्याला 'हुळहुळतं' चालेल का?

फिजिओ_कोथरूड
नको. हुळहुळते ती कातडी. भाजल्यावर किंवा खपली पडल्यावर. सांध्याला 'दाबलं की दुखतं का' एवढं पुरे. आणि विचारताना चेहऱ्याकडे बघायला शिकवा. पेशंट 'नाही' म्हणतात आणि कपाळाला आठी पडते.

जुन्नरी
आमची आजी मुका मार लागलेल्या जागेलाही हुळहुळतंय म्हणायची. कातडी शाबूत असायची.
पोटरीत गोळा येतो त्याला ती वांब म्हणायची. पुण्यात सगळे पेटके म्हणतात. तक्त्यात दोन्ही घाला. मला वाटतं वांब हा वाम माशावरून आला असावा, पोटरी तशीच पिळवटते.

मावळकर
मासा नाही पटत. पण शब्द खरा आहे, रात्री वांब आला की अंगठा वर ओढायचा. पेटके पुष्कळ येतात, वांब एकच येतो.

सदाशिवपेठी
पेटका पेटण्यावरून आलेला दिसतो, आग होते म्हणून.

फिजिओ_कोथरूड
पेटक्यात आग नसते काका, पीळ असतो. आग होते ती नसेची, ती तपासणीच वेगळी.

परिचारिका_पुणे
गोळा, वांब, पेटके तिन्ही घालते. 'आखडतात' परत लिहिते आणि 'किती वेळ' तर मी सोडणारच नाही. 'रेंज ऑफ मोशन'चं मात्र कोणीच सांगितलं नाही. 'हालचालीचा आवाका' कसा वाटतो? खांदा किती वर जातो, मांडी घालता येते का, उकिडवं बसता येतं का, सगळं त्याखाली येईल.

सदाशिवपेठी
आवाका माणसाचा असतो, कामाचा असतो. खांद्याचा 'पल्ला' म्हणा.

जुन्नरी
पल्ला गाठायचा असतो. आणि वांब पुष्कळदा येतात, आजीला लागोपाठ यायचे.