बाल्कनीत नॉर्दर्न लाइट्स: साधी घ्यावी की ऑटो?

म्युनिकचा_पक्या
नमस्कार मंडळी, इकडे जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून घरी माणशी गांजाची तीन झाडं लावायला परवानगी आहे, यंदा मीही एक लावून बघणार आहे. बाल्कनी दक्षिणेकडची, दुपारभर ऊन. आतापर्यंत टोमॅटो नि मिरची एवढीच काय ती शेती. नॉर्दर्न लाइट्स ही जात नवशिक्याला बरी, वास कमी असं सगळे सांगतात, पण बियाणं बघायला गेलो तर एक साधं फेमिनाइज्ड (मादी झाडंच देणारं) आणि एक ऑटो, भाव जवळपास सारखाच. फरक नक्की काय पडतो? आणि वासाचं खरं आहे का, शेजारच्या आजी जरा खडूस आहेत.

हिरवा_चहा
ऑटो घे भाऊ, डोळे मिटून. साधं झाड दिवस लहान व्हायला लागल्याशिवाय फुलावर येतच नाही, म्हणजे ऑगस्ट उजाडतो, पुढे सात ते नऊ आठवडे धर, काढणी थेट सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात. तेव्हा तुमच्याकडे धुकं, रिपरिप, ऊन नावाला. या जातीचे बड, म्हणजे फुलांचे गुच्छ, एकदम घट्ट, आत हवा खेळत नाही आणि करडी बुरशी धरते, बोट्रायटिस, द्राक्षाला लागते तीच. वरून बड धडधाकट दिसतो, मधलं एखादंच बारीक पान पिवळं पडलेलं असतं, ते ओढलं की अलगद हातात येतं आणि आत बघावं तर करडा कापूस. मग तो बड गेलाच, आजूबाजूचेही तपासत बसा.

ऑटोत रुडेरालिस या रानटी गांजाचा अंश असतो, त्यामुळे तिला दिवस केवढा याच्याशी घेणंदेणं नाही, वय झालं की फुलते, बी रुजल्यापासून साधारण दहा-अकरा आठवड्यांत तयार. मे मधली शेवटची थंडी सरली की लाव, ऑगस्टच्या सुरुवातीला मोकळा. माल कमी निघतो, पण निघतो तरी. फक्त कुंडी बदलू नकोस, बी थेट दहा-बारा लिटरच्या कुंडीतच टाक आणि शेंडा खुडू नकोस, तिला सावरायला वेळच नसतो.

जुना_माळी
वरच्याशी सहमत, थोडी भर घालतो. नॉर्दर्न लाइट्स मूळची अमेरिकेतली, सिएटलच्या बाजूची, अफगाणी आणि थाई रक्ताची. १९८० च्या दशकात नेदरलँड्सला गेली आणि गाजली ती बंद खोलीत, बारा तास दिवा बारा तास अंधार या हिशोबात, कारण ठेंगणी आणि लवकर उरकणारी. बाल्कनी हे तिचं माहेर नाहीच. साधी लावलीच तर समोर रस्त्याचा दिवा नाही ना ते आधी बघ, रात्री उजेड पडत राहिला की फुलायला कुरकुरते. वास इतरांपेक्षा कमी हे खरं, पण शेवटचे दोन-तीन आठवडे आजींना कळणार म्हणजे कळणार 😄

बर्लिनची_वहिनी
अरे पण आधी कायद्याचं बघा. जर्मनीत राहून सहा महिने तरी झालेले हवेत, नुकताच आला असशील तर थांब. मुलांच्या हाताला लागणार नाही अशी सोय करावी लागते, उघड्या बाल्कनीत हाच प्रश्न येतो. वाळलेला माल घरात माणशी ५० ग्रॅमच चालतो, त्यामुळे तीन-तीन लावायची हाव नको. आणि मित्रांना पुडी बांधून देणं बंद, फुकटसुद्धा नाही. गाडी चालवत असशील तर रक्ताच्या सीरममध्ये मिलिलिटरला ३.५ नॅनोग्रॅम ही टीएचसीची (गांजातल्या नशा आणणाऱ्या घटकाची) मर्यादा आहे, नवीन लायसन्सवाल्यांना आणि २१ च्या आतल्यांना तेवढीही सूट नाही. गावी जाताना बॅग नीट झटकून बघ, तिकडे १९८५ चा एनडीपीएस हा अमली पदार्थविरोधी कायदा आहे, इथली परवानगी मुंबई विमानतळावर कोणी विचारणार नाही.

म्युनिकचा_पक्या
धन्यवाद सगळ्यांना, वहिनी मी इथे २०२१ पासून आहे, मुलं घरात नाहीत, बाल्कनीच्या दाराला कुलूप आहे. ऑटोच घेतो, एकच. टोमॅटोचं खत उरलंय ते चालेल का?

हिरवा_चहा
चालेल, पण फुलं दिसायला लागल्यावर आणि पाकिटावर लिहिलंय त्याच्या अर्धं. त्याआधी चांगल्या मातीतलंच पुरतं. पानं गडद हिरवी होऊन टोकं खाली आकड्यासारखी वळली की समज जास्त झालं, मग नुसतं पाणी.