आईच्या हिरड्या आणि झिजलेलं हाड : मदत हवी आहे

नमस्कार. आई ५८ वर्षांची, मधुमेह आहे. ब्रश करताना रक्त यायचं, पण दुखत नव्हतं म्हणून आम्हीही लक्ष दिलं नाही. आता खालचे पुढचे दोन दात हलतायत आणि एक्सरेत हाड झिजलेलं दिसतंय. दात आणि हिरडीमधली फट निरोगी तोंडात ३ मिमीपर्यंत असते, तिची दाढांजवळ ७ होती. मुळांपर्यंत सफाई केल्यावर रक्त थांबलं, सूज उतरली. पण दीड महिन्याने मोजलं तर दोन दाढांजवळ अजून ६ आहे.

डॉक्टर फ्लॅप सर्जरी (हिरडी उघडून आतून सफाई) आणि बोन ग्राफ्ट (झिजलेल्या जागी हाडाचा भराव) सुचवतायत. गेलेलं हाड आपोआप भरत नाही, आणि ग्राफ्ट खड्ड्यासारख्या उभ्या झिजेतच जास्त उपयोगी पडतो, असं त्यांनी समजावलं. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ८.४ आहे, ते आधी खाली आणायला सांगितलंय. मिश्री तिने सोडली. इतक्या वर्षांची सवय, मला त्याचं फार मोल वाटतं.

मधुमेह असताना कोणी हे करून घेतलंय का? जखम भरायला किती दिवस लागले? हलणारे दात तारेने बांधून टिकले का? मुंबईच्या शासकीय दंत महाविद्यालयात केलं असेल तर किती फेऱ्या झाल्या, तेही सांगा. नातेवाईक म्हणतात, काढून कवळी बसवा. पण तिला स्वतःच्या दातांनी भाकरी खायचीय.